माझ्याआधी गुणगुणलेलं

आमच्या घरात माझं असं काहीच नव्हतं. फ्रॉक ताईकडून मधलीकडे आणि मधलीकडून माझ्याकडे यायचा, तोवर त्याचा मूळ रंग कोणता हे आईलाही सांगता येत नसे. दोन खोल्या, पाच माणसं आणि एक कपाट. कपाटातला सर्वांत खालचा कप्पा माझा, आणि त्यातही घरची इस्त्री ठेवलेली. मला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे धाकटी म्हणायचे, म्हणजे तिथेही मोजणी आधीच्या दोघींपासूनच सुरू.

बाबा पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होते. त्या दणक्यांनी त्यांचे दोन्ही कान गेले तेव्हा मी पाळण्यात होते. पुढे ते घरीच वेताच्या खुर्च्या विणू लागले. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसून ओला वेत भोकांतून ओढायचे. ते मोठ्याने, सपाट आवाजात बोलायचे आणि आम्ही त्यांना पाटीवर लिहून उत्तर द्यायचो.

पंधराव्या वर्षी मला एक कॅसेट मिळाली. वर्गातली एक मैत्रीण गाव सोडून चालली होती, तिने ती वॉकमनसकट मला देऊन टाकली. कॅसेटवर काही लिहिलेलं नव्हतं. आत शब्द नव्हते, ठेका नव्हता. गजाने वाजवलेलं एकच जाड तारेचं वाद्य, तेही इतकं सावकाश की पुढचा सूर येतो की नाही अशी धाकधूक व्हावी. ताईने एका कानाला लावून पाहिलं आणि विचारलं, "कोण गेलं गं?" मधली म्हणाली, "दार करकरतंय, तेल घाला." दोघी पोट धरून हसल्या.

मला मात्र आनंद झाला होता. दोघींना हे नको होतं, म्हणजे हे वरून उतरत आलेलं नव्हतं. मी आतल्या खोलीत कपाटाला पाठ लावून, डोळे मिटून ऐकत बसायचे. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी आवडलं होतं आणि ते माझं मलाच आवडलं होतं.

मग एका दुपारी शाळेतून आले तर बाबा वेत ओढता ओढता तेच गुणगुणत होते.

तेच. शेवटाकडे फीत जरा ताणली गेली होती, तिथे सूर डळमळायचा. बाबांचाही डळमळला.

आई ओट्यापाशी पदर तोंडाला लावून उभी होती. "इतक्या वर्षांनी आवाजात गोडवा आला बघ," ती म्हणाली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी पाटी ओढली आणि खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलं, *हे माझं आहे.*

बाबांनी वाचलं. "काय तुझं? मी कुठे काय करतोय?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. आपण गुणगुणतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पुढे ते माझ्याही पुढे गेले. आठवडाभर एक नवीनच चाल गुणगुणत राहिले. मी कधी न ऐकलेली, चढत जाऊन मध्येच बसणारी. महिन्याभराने मी कॅसेटच्या दुकानात एक खोका उपसत होते. एका कॅसेटवर हात पडला, दुकानदाराने ती लावली. तिसऱ्या सुरालाच अंगावर काटा आला. मग चाल चढली, मध्येच बसली, आणि मला कळलं.

"आधी ऐकलीयस वाटतं," दुकानदार म्हणाला.

"घरी," मी म्हणाले, आणि कॅसेट न घेताच बाहेर पडले.

मी हट्टाला पेटले. बाबांनी न गुणगुणलेलं काहीतरी मला आवडलंच पाहिजे. मागून आणलं, उसनं आणलं, रेडिओला कान लावून बसले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. जे आवडायचं ते बाबांच्या घशातून आधीच येऊन गेलेलं असायचं. एकदाही चुकलं नाही. मी शोधायचं, मी झुरायचं, आणि हे आयत्या बिळावर नागोबा. एकदा मी वॉकमन भिंतीवर फेकला आणि त्यांच्या तोंडासमोर ओरडले, "बंद करा!" त्यांनी ओठ वाचले असावेत. त्यांनी हातातला वेत खाली ठेवला. आईने माझ्या थोबाडीत मारली. "त्यांच्याकडे आहे काय दुसरं? तेवढंही खुपतं तुला?"

माझ्याकडे तरी काय होतं दुसरं? हे मला कुणी विचारलं नाही.

मी आता लोकांचे कान तपासते. हा धंदा का निवडला हे उघड आहे. पहिली नोकरी लागताच मी बाबांना तपासायला नेलं. आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. ऐकू आलं की दाबायचं. मी काचेबाहेरून आवाज चढवत नेला. यंत्राची मर्यादा संपली, बटण दाबलं गेलं नाही. मी सगळं बंद केलं. त्या काळात माझ्या मनात एक चाल घोळत होती, ती आपोआप मनात आली.

काचेपलीकडे बाबांचे ओठ हलले.

"मॅडम, यांना येतंय की ऐकू," माझी मदतनीस खोलीतला आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरशी वाकून म्हणाली. "छान सुरात गातायत."

अशी वर्षं गेली. मी वेगळी राहू लागले, रविवारी तेवढी घरी जायचे, तरी राग गेला नाही. नुसता जुना झाला.

या थंडीत बाबांनी एक नवीन चाल धरली. तीन ओळी, तिन्ही खाली उतरणाऱ्या, आणि तिसरी शेवटच्या सुराआधीच थांबलेली. काही दिवस तेवढीच. मग ते गप्प झाले.

"घे, झालं तुझ्या मनासारखं," आई फोनवर म्हणाली. "जेवतात, विणतात, तब्येत ठणठणीत. पण हूं नाही की चूं नाही."

मी गेले. पाटीवर लिहिलं, *पुढचं कधी?*

बाबांनी वाचलं, बाहीने पुसलं. मग माझं मनगट धरलं आणि किती तरी वेळ सोडलंच नाही. वेत ओढून कडक झालेला हात.

मी मोजमाप करणारी बाई आहे. मला आवडणार असलेलं सगळं त्यांनी आजवर आधी गुणगुणलं. आता त्यांच्याकडे पुढचं काही नाही. उरली आहे ती एकच चाल, मला अजून न भेटलेली. ती भेटल्यावर पुढे आणखी काही आवडायला मी असेन की नाही, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हापासून मी गाणं ऐकत नाही. रेडिओ देऊन टाकला. रस्त्याने कानांत बोळे घालून चालते. कान तपासणारीच कानांत बोळे घालते म्हणून दवाखान्यात चेष्टा होते, होऊ दे.

काल वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं.

आज दुपारी मी बोळे काढून केस पुसत होते. वर कुणीतरी गजाचं वाद्य जुळवून घेत होतं. मग वाजवू लागलं.

एक ओळ उतरली. दुसरी उतरली.

मी कानांवर हात नेले. खरं तर चिडायला हवं होतं. हात अर्ध्यावरच राहिले.

तिसरी ओळ उतरली आणि शेवटच्या सुराआधी थांबली.

मला ती फार आवडली.