तळघरातल्या पूरफळ्या

"ढकल की, ढब्बू! नुसता कण्हतोस काय?" टिकली ओरडली.

"पोत्यात वाळू भरलीय की हत्ती?" ढब्बूला धाप लागली होती.

सुट्टीचा शेवटचा आठवडा, आणि नदी एकेक पायरी चढत वर येत होती! जुन्या जकातघराच्या दालनात भिंतभर रंगवलेला दोनशे वर्षांपूर्वीचा गावाचा नकाशा होता. टिकलीचे काका तिथले राखणदार. तीस वर्षं ते रोज मऊ ब्रशने त्याची धूळ झटकत आले होते. पाणी आत शिरलं, की तो रंग गेलाच म्हणायचा. आणि वाळूची पोती होती फक्त नऊ!

"पाणी अडवायला दाराला बसवायच्या पूरफळ्या सरकारने महिन्यापूर्वीच पाठवल्यात," काका वैतागून म्हणाले. "नगरपालिकेत विचारलं तर म्हणतात, पोचल्या. कुठे पोचल्या, ते विचारू नका!"

तेवढ्यात प्रोफेसर, म्हणजे टिकली-ढब्बूचा जाड चष्म्याचा दोस्त, थबकला. "तळघराची कडी गंजलीय, पण कुलूप नवं कोरं! काका, तुम्ही लावलंत?"

"छे! मी तापाने पडलो होतो, तेव्हा कोणीतरी लावलं असेल."

टिकलीने दाराच्या फटीतून बॅटरी मारली. आत लांबच लांब फळ्या रचलेल्या! पुरापासून वाचवायचं सामान नेमकं सगळ्यात आधी बुडणाऱ्या खोलीत! तिला हसावं की रडावं कळेना. तिघंही धावत नगरपालिकेत पोचले.

"दुसरीकडे जागाच नव्हती," भांडाराचे कारकून चहा फुंकत म्हणाले. "आणि मोठ्या साहेबांनी तपासल्याशिवाय सामानाला हात लावायचा नाही. साहेब सोमवारी येतील."

"आज गुरुवार! नदी सोमवारपर्यंत थांबणार आहे का?" टिकली उसळली.

प्रोफेसर टेबलावरची पावती वाचत होता. "'सामान तपासले, ठीक आहे.' खाली तुमचीच सही ना?"

"ती... करावी लागते."

"म्हणजे तपासणी झाली! नसेल, तर सही खोटी. साहेबांना यातलं काय सांगू?"

कारकुनांनी निमूटपणे किल्ली पुढे सरकवली.

पण कुलूप उघडलं तेव्हा तळघरात गुडघाभर पाणी होतं. दाराला एकावर एक अशा सहा फळ्या लागत. चार निघाल्या. पाचवी ओढताना लोंढा आला आणि काकांनी तिघांना बखोटीला धरून बाहेर खेचलं. संध्याकाळी चौथ्या फळीवरून पाणी दालनात उतरलं. कोणाच्याही हातात काही उरलं नव्हतं.

रविवारी पूर ओसरला. नकाशातल्या टेकड्या तेवढ्या उरल्या होत्या. नदीकाठच्या गल्ल्या, घाट, बाजार, सगळं पुसलं गेलं होतं. काका कोरडा ब्रश हातात घेऊन नुसते उभे राहिले. त्यांना तसं पाहून टिकलीला फार रडू आलं.

सोमवारी मोठे साहेब आले. "शाबास, मुलांनो! सामानाचा छडा तुम्हीच लावलात. प्रशस्तिपत्रक देऊ!"

या वेळी दुरुस्तीचं सामान मात्र साहेबांबरोबरच आलं होतं. ट्रकवाल्याने विचारलं, "खोकी कुठे उतरवू?"

"तळघर आहे की!" कारकून म्हणाले.

टिकली तरातरा गेली आणि तळघराच्या ओल्या पायरीवर फतकल मारून बसली. "आधी मला उचला!"

ढब्बू आणि प्रोफेसर तिच्या दोन्ही बाजूंना बसले. काकांनी ब्रश खिशात ठेवला आणि तेही चिखलात खाली बसले.