कोरा थेंब

प्रयोगशाळेत तिला सगळे शंकासूर म्हणत. ते नाव तिने कमावलं होतं. बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय ती झाकण उघडत नसे.

रोग्यांच्या रक्तात औषध किती उतरलंय, हे मोजणं तिचं काम. पोस्टाच्या तिकिटाएवढी काचेची पट्टी, तिच्यात केसाएवढ्या बारीक वाटा. एका तोंडाशी रक्ताचा थेंब सोडायचा. वाटेत रक्त मागे राहतं, औषध तेवढं पुढे जातं आणि पडद्यावर त्याची टेकडी उमटते. जेवढं औषध, तेवढी टेकडी उंच. दोन रोग्यांच्या मध्ये नुसत्या पाण्याचा एक थेंब सोडायचा, आधीचं काही वाटेत अडकलेलं नाही ना याची खात्री करायला. त्याला कोरा थेंब म्हणत. त्याची रेघ सपाटच यायला हवी.

घरी ती आणि आप्पा, दोघंच. आप्पा घड्याळजी. गावभराची घड्याळं वेळेवर आणली, स्वतःची सकाळी नऊची हृदयाची गोळी मात्र हमखास विसरायचे. गोळी मोठी नाठाळ. एक चुकली तर ठोका अडखळणार, चुकून दोन झाल्या तर त्याहून वाईट. म्हणून दर रविवारी ती सात खणांची डबी भरून ठेवी.

काळजीपोटी एकदा तिने आप्पांच्या बोटातलं रक्त पट्टीवर तपासलं. औषध बेताचं होतं. पण नंतरच्या कोऱ्या थेंबातही तेच औषध, तेवढंच. तिने पट्टी फेकली, नळ्या बदलल्या, पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला कोऱ्या थेंबात टेकडी होतीच.

मग एका सकाळी रेघ सपाट आली. खरं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. तिने घरी फोन लावला.

“आप्पा, गोळी राहिली का?”

“अरेच्चा, राहिलीच की! तुला कसं कळलं?”

तासाभराने टेकडी उमटली. हे तिने कुणालाही सांगितलं नाही, वहीत टिपून मात्र ठेवलं. तीन आठवडे झाले, एकदाही चूक नाही.

त्या मंगळवारी आप्पांचाच फोन आला.

“डबी कुठे ठेवलीय कोण जाणे. मी गोळी घेतली का गं?”

तिने पडद्याकडे पाहिलं. टेकडी नेहमीएवढी होती. आधी डबी शोधा, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

“घेतलीत. आता परत घेऊ नका, आप्पा.”

“बरं. तू म्हणतेस म्हणजे घेतलीच असणार.”

दुपारी शेजारणीचा फोन आला. आप्पा कामाच्या टेबलाशी बसल्या बसल्या गेले होते, डोळ्याचं भिंगही काढलेलं नव्हतं. डबी ड्रॉवरमध्ये, घड्याळांच्या जुन्या पट्ट्यांखाली सापडली. रविवार, सोमवार रिकामे. मंगळवारची गोळी जिथल्या तिथे.

तिने डबी पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आपण मारलं त्यांना, असं तिच्या मनात आलं आणि ते काही केल्या जाईना.

शुक्रवारी ती कामावर गेली.

“अजून दोन दिवस घ्यायचे होतेस,” मॅडम म्हणाल्या.

“घरी बसवत नाही.”

तिने नवी पट्टी काढली. कोरा थेंब सोडला.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

टेकडी आली. नेहमीएवढी.

मशीन बंद करून ती तडक घरी आली. किल्ली पर्समध्येच होती. कुलूप जसंच्या तसं.

बुधवारचा खण रिकामा. गुरुवारचा रिकामा. शुक्रवारचाही.

शनिवारची गोळी होती.

मंगळवारचीही होती. घेऊ नका, असं तीच म्हणाली होती.

तेव्हा ती रडली.

रविवारी तिने गोळ्यांचं नवं पाकीट फोडलं आणि डबी भरली. सहाच गोळ्या लागल्या.