बेपत्ता

सर्व्हरचं काम तुम्ही हातात घेणार म्हणता, तर आधी बसा. चहा घ्या. काय करायचं ते कोणीही शिकवेल. काय करायचं नाही, ते मी सांगते.

काम तसं सोपं आहे. जयगड खाडीतल्या आमच्या मच्छीमार मंडळाचं हे ॲप. घरची बाई मोबाइलवर बोटीचं नाव घालून विचारते, बोट कुठे आहे, आणि सर्व्हर उत्तर देतो. बोट हाकणारा तांडेलही बोटीवरच्या यंत्रातून इतर बोटींची चौकशी करतो. काय विचारता येईल आणि उत्तरात कोणते शब्द जातील, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्याला स्कीमा म्हणतात. त्याबाहेरचं विचारलं, की सर्व्हर चूक दाखवून गप्प बसतो. निदान बसायला हवा.

तो स्कीमा मी लिहिला. बोटीसाठी तीन शब्द ठेवले होते. बंदरात, समुद्रात, बेपत्ता. मंडळाचे हरिश्चंद्रकाका ते बघून खुर्चीतून उठलेच.

"तिसरा काढ गो दीपाली. वाईट शब्दाला जागा केलीस, की तो राहायला येतोच."

म्हाताऱ्या माणसाशी कुठे वाद घाला? मनात हसले आणि काढला.

पुढं वादळात 'भैरीकृपा' गेली. तांडेल होते सागरभावोजी, माझ्या मालनताईचे यजमान. बोटीची फळकुटं दाभोळच्या किनाऱ्याला लागली, माणूस एकही नाही. पण ताई मोबाइलवर विचारायची आणि माझा शहाणा सर्व्हर सांगायचा, समुद्रात. दुसरं सांगणार काय? बंदरात तर नव्हतीच. महिनोन् महिने ताई त्यांचं ताट मांडत राहिली. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून एका दुपारी तिला इथे आणून माझ्या मागच्या खुर्चीत बसवलं. काढलेला शब्द परत घातला. 'भैरीकृपा' बेपत्ता, अशी नोंद केली. खालच्या जेटीकडून ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता, पंखा कुरकुरत होता.

"विचार आता, ताई."

तिनं विचारलं. उत्तर आलं, समुद्रात.

मी नोंद तपासली. बरोबर होती. तेवढ्यात स्क्रीनवर नवा प्रश्न आला. 'भैरीकृपा'च्या यंत्रावरून. मालन कुठे आहे?

अहो, स्कीमात माणसं नाहीतच, फक्त बोटी आहेत. चूक दाखवायला हवी होती. पण माझ्या डोळ्यांदेखत उत्तर गेलं.

बेपत्ता.

"मला शोधतायत गो…" ताई मागून हळूच म्हणाली.

"यंत्र बिघडलंय, ताई."

"यंत्र तर बुडालं ना…? तूच सांगतेस."

आणि ती हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. शब्दच नसेल तर तसं उत्तर जाणार नाही, एवढंच मला सुचलं. घाईघाईनं तिसरा शब्द पुसला, सर्व्हर पुन्हा चालू केला.

प्रश्न परत आला. मालन कुठे आहे?

आता दोनच शब्द उरले होते.

समुद्रात.

मी वळले. मागची खुर्ची रिकामी होती. जिना उतरून धावत जेटीवर गेले. मघाशी ओहोटी होती, आता पाणी काठोकाठ चढलेलं. चिमामावशी जाळं विणत बसली होती.

"मालन? आत्ताच गेली की. कोणीतरी हाक मारली तिला…"

"कुठून?"

मावशीनं जेटीच्या खालच्या पाण्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा मान खाली घातली.

ताई सापडली नाही. मोबाइलही नाही. तो शब्द मी पुसला नसता तर ती बेपत्ताच राहिली असती, पण माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. हे मनातून जात नाही. रडून झालं, नवस झाले, काही उपयोग नाही.

'भैरीकृपा'कडून आता काही येत नाही. येतं ते ताईच्या मोबाइलवरून. रोज दुपारी. दीपाली कुठे आहे? सर्व्हर उत्तर देतो, बंदरात. मी सर्व्हर बंद करत नाही. बंद केला तर ती बिचारी कुणाला विचारणार? तुम्हीही करू नका, आणि स्कीमाला हात लावू नका.

काल मात्र उत्तर गेलं, समुद्रात. मी इथेच होते हो, याच खुर्चीत, याच पंख्याखाली.

शोधतोय ते माणूस जवळ आलं, की ते कुठे आहे असं कोणी विचारत नाही, नाही का…? आज दुपार टळून गेली, तरी तिचा प्रश्न आलेला नाही.