मागच्या खोलीतलं ‘घे’

इथून सुरुवात करते. घरात एक कॉम्प्युटर होता, एकच टेलिफोन लाइन होती आणि त्या लाइनवर तीन फोन: एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक मागच्या खोलीत. इंटरनेट त्याच लाइनवरून यायचं. कोणी कुठलाही रिसीव्हर उचलला की तुटायचं. म्हणून बाबांनी नियम केला होता. बटण दाबण्याआधी ताईने ओरडायचं, “लाइन घेते!” आणि ज्याने त्याने आपापल्या जागेवरून सांगायचं, “घे!” आई शिलाई मशीनवरून, बाबा खिडकीशी लोकांची घड्याळं उघडून बसायचे तिथून, आणि मी जिथे असेन ति

टक.

तुटलं. पुन्हा जोडते.

मी लिफ्टची तपासणी करते. केबल, ब्रेक, दरवाजे. बिघाडाचं कारण सापडत नाही तोवर लिफ्ट चालू करू देत नाही, मग सोसायटीचे लोक कितीही डोकं खावोत. त्यामुळे ही गोष्ट सांगताना माझी माझ्यावरच चिडचिड होते.

तर, मोडेमचा आवाज. आधी नंबर फिरल्याचे सूर, मग कोणीतरी पत्र्यावर नखं ओढतंय, मग घसा खाकरल्यासारखं काहीतरी, मग शांतता. शांतता म्हणजे लागलं. ताई तेव्हा चित्रं काढायची. दूरच्या शहरात मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एक संपादक बाई होत्या. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चित्रं ईमेलने आली तर त्या ताईला नोकरी देणार होत्या, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी. ताईला या घरातून बाहेर पडायचं होतं. ते ती लपवतही नव्हती. एक चित्र जायला चिक्कार वेळ लागायचा, आणि मध्येच तुटलं की पहिल्या रेघेपासून पुन्

टक.

“कोणी उचलला?”

“माझे हात मोकळे दिसतायत तुला?” आई म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

“बाबा?”

“चिमट्यात स्प्रिंग धरलीय. श्वाससुद्धा घेत नाहीये मी.”

“मग शेपूट!”

शेपूट म्हणजे मी. “अंघोळ करत होते ना! बादली घेऊन उचलायला येऊ?”

“खोटारडी.”

“तूच खोटारडी!”

त्या आठवड्यात आमच्या घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, दुसरा उचलतोय आणि कबूल करत नाहीये.

पुन्हा जोडते.

मागच्या खोलीत कोणी राहत नव्हतं. जादा गाद्या, पंक्चर झालेली सायकल, आणि आधीच्या मालकांनी भिंतीवर तसाच ठेवलेला काळा फोन. बाबांनी तो काढून आणला, टेबलावर उघडला, भिंगातून पाहिला. “ठणठणीत आहे,” म्हणाले. “पण राहू दे इथेच.”

ताई ओरडली. आम्ही ओरडलो. चित्र निम्मं गेलं.

टक.

या वेळी आम्ही सगळे हॉलमध्येच होतो, त्यामुळे आवाज नीट ऐकू आला. मागच्या खोलीतून. कोणीतरी रिसीव्हर जागेवर ठेवल्याचा.

तो फोन आमच्यासमोर होता, सुटे भाग करून.

“उंदराने वायर कुरतडली असेल,” बाबा म्हणाले.

“उंदीर रिसीव्हर ठेवतो का हो?”

बाबांनी पक्कड घेतली आणि मागच्या खोलीकडे जाणारी वायर कापली. परत येऊन हात झटकले. “झालं. आता ओरड.”

ताईने ओरडता ओरडताच बटण दाबलं.

टक.

शुक्रवार उजाडला आणि कलायलाही लागला. बाबांनी तिन्ही फोन काढून कॉम्प्युटरच्या टेबलावर मांडले. आम्हाला त्यांच्याभोवती खुर्च्यांवर बसवलं. “कोणी उठायचं नाही. पाणीसुद्धा नाही.” इतक्या वर्षांत मी त्यांना घड्याळावर चिडलेलं पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी पक्कड टेबलावर आपटली. ताईचे डोळे रडून लाल झाले होते. रडं कसलं, संताप होता तो.

तिने माऊसवर बोट ठेवलं आणि सवयीने, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाली, “लाइन घेते.”

आम्ही उत्तर दिलं नाही. तिथेच तर बसलो होतो, उत्तर काय द्यायचं?

मागच्या खोलीतून आलं, “घे.”

पुरुषाचं की बाईचं, सांगता येणार नाही. थोडं वैतागलेलं होतं. इतके दिवस थांबायची पद्धतच नाही कोणाला, असं.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

ताईने बटण दाबलं.

सगळी चित्रं गेली. एका दमात.

मग मला आठवायला लागलं. ज्या दिवशी ताई ओरडून झाल्यावर आधी पाणी प्यायला जायची, केस बांधत बसायची, त्या दिवशी लाइन कधीच तुटली नव्हती. तुटायची ती घाईच्या दिवशी. आमच्या तिघांच्या गलक्यात चौथं ‘घे’ वेगळं ऐकू आलंच नसणार. हे कोणी बोलून दाखवलं नाही. आईने मागच्या खोलीला कडी घातली. बाबांनी ती काढली. “उगाच कशाला,” म्हणाले.

ताईला नोकरी लागली. ती गेली.

तेव्हापासून आमची लाइन तुटली नाही. मी मुद्दाम ओरडायचे, “लाइन घेते!” दोनच उत्तरं यायची, आईचं आणि बाबांचं. मागच्या खोलीच्या दाराशी उभी राहून मी वाट पाहायचे. गाद्या. सायकल. कापलेली वायर. सुटलो एकदाचे, असं आईच्या तोंडून निघून गेलं, आणि कोणी तिला कशातून ते विचारलं नाही.

मग एका रविवारी दुपारी ताईचा फोन आला.

“शेपटे, वैताग आलाय नुसता. नवी खोली, नवी लाइन, आणि इथेही तेच! अर्धं चित्र गेलं की टक. एकटी राहते मी. एकच फोन आहे. उचलणार कोण?”

मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“आहेस ना?”

“ताई, विचारतेस का आधी?”

“कोणाला?”

“ओरड ना एकदा. माझ्यासाठी.”

“कठीण आहे बाई तुझं,” ती हसली. मग माझा कान फुटू नये म्हणून तिने रिसीव्हर लांब धरला असावा, कारण तिचा आवाज खोलीच्या पलीकडून आल्यासारखा आला. “लाइन घेते!”

“घे,” माझ्या कानात कोणीतरी म्हणालं. अगदी रिसीव्हरला ओठ लावून.

“बघ,” ताई लांबून म्हणाली, “कोणी नाहीये.”