आत जागा नाही

कचऱ्याची शेड प्रत्येक गावाला हवी असते, फक्त ती शेजारच्या गावाच्या हद्दीत हवी असते. सिद्धेश्वर धरणाखालच्या गावांचा घनकचरा आराखडा करताना मी हे इतक्या ग्रामसभांत ऐकलं की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला त्याचं वाक्य पाठ असायचं. अखेर जागा दिली ती बंजाऱ्यांच्या पेमातांड्याने, आपल्या माळावरची. त्यात औदार्य नव्हतं, नाइलाज होता. आजूबाजूच्या गावांचे ट्रॅक्टर वर्षानुवर्षं तांड्याच्या विहिरीशेजारच्या खड्ड्यात कचरा ओतत होते आणि गेल्या पावसाळ्यात त्या विहिरीच्या पाण्याने तांड्यातली लेकरं काविळीने पडली होती. तांड्यातल्या शिलाची लेक दिपा त्यांत सगळ्यात लहान. ती वाचली, पण अजून पाणी तेच पीत होती.

शेड सुरू झाली की खड्डा बंद, असा ठराव होता. तपासणीच्या दिवशी शेड चालू दिसली नाही तर मंजुरी दुसऱ्या गावांकडे जाणार, हेही ठरलेलं. म्हणून मी ठेकेदाराच्या मानगुटीवर बसून काम उरकून घेतलं. पूर्वेला रस्त्याकडे फाटक, बाकी तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंच भिंत, आत पत्र्याची शेड आणि खताचे हौद. पश्चिमेची भिंत माळावरच्या एका जुन्या, खोलगट वाटेला आडवी गेली होती. ती पावसाच्या पाण्याने झालेली घळ असावी असं मी धरून चालले. तांड्याचे नाईक वसराम तेव्हा शेजारीच उभे होते. त्यांनीही हरकत घेतली नाही.

कचरा निवडायचं काम शिलाच्या बचत गटाला मिळालं होतं. पहिल्या सकाळी मी पोचले तर बाया हातमोजे मांडीवर ठेवून फाटकाबाहेर बसलेल्या, कचऱ्याची गाडीही बाहेरच. मी विचारलं तेव्हा त्या आपल्या बोलीत काहीतरी कुजबुजल्या, मला ते कळलं नाही. मग शिला उठली.

"आत जागा न्हाई, मॅडम."

मी आत पाहिलं. एकरभर आवार, झाडूनपुसून ठेवलेलं, पार रिकामं. जिच्या लेकरासाठी मी पायाला भिंगरी लावून फिरले तिनेच असं बोलावं याचा मला राग आला आणि तो मी लपवला नाही. कामाचा कंटाळा असेल तर सरळ सांगा, असं सगळ्यांसमोर सुनावलं. तुमीच जाऊन पाहा, एवढंच शिला म्हणाली.

मी तरातरा गेले. फाटकातून शेड नाकासमोर दिसते. पण शेडपाशी पोचून मागे पाहिलं तर मातीत माझ्या चपलांचे ठसे सरळ नव्हते. आठवडी बाजारातल्या गर्दीतून अंग चोरत वाट काढावी, तसे ते वळत वळत आले होते. ऊन तापलं नव्हतं, तरी आत गोठ्यात असते तशी ऊब होती. शेणाचा वास होता. शेण मात्र कुठेच नव्हतं.

सिमेंट अजून ओलं आहे, भिंतींनी वारा अडतो, वास तांड्यातल्या गोठ्यांचा येतो. कारणांची मला कधी टंचाई पडत नाही. पण ऊब रोज वाढत होती. आधी ती पश्चिमेच्या भिंतीशी होती, मग शेडपर्यंत आली, मग फाटकापर्यंत. चालक गाडी आत घालायला जाई आणि फाटकातच आपोआप ब्रेक दाबे, का ते त्याला सांगता येत नसे. गाड्या पुन्हा विहिरीजवळच्या खड्ड्याकडे वळल्या. तपासणी तोंडावर आली होती, आणि रोज सकाळी शिला माझ्या देखत त्याच विहिरीतून घागर भरून नेत होती.

मी वसराम नाइकांकडे गेले. त्यांचा आजा लदेणीवर जायचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून, गाईवासरं सोबत घेऊन मुलुखभर फिरायचा, एवढं त्यांनी सांगितलं. माळावरची वाट त्या वेळची. आता बैल नाहीत, माल नाही, वाट कोण वापरतंय, म्हणून आपणही भिंतीला मान डोलावली, असं म्हणाले.

"पण लदेणी मागं फिरत नसते, बाई," ते म्हणाले. "म्होरं भित लागली तर ती थांबून ऱ्हाते."

आत नेमकं कोण आहे, असं मी विचारलं. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला वाटतं, त्यांना ते ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्यावरून दाट धुकं आलं होतं. कुणाच्या तरी शेतात हळद शिजत होती, तिचा वास हवेत भरला होता. मी गवंडी देविदासला सोबत आणलं होतं, भिंतीला तडा आहे का पाहायला. बाया नेहमीच्या जागी बसल्या होत्या, दिपा आईच्या मांडीवर, आणि नाईकही येऊन उभे होते. धुकं हळूहळू विरलं आणि आवार दिसू लागलं.

आवारभर बगळे होते. पांढरेशुभ्र गायबगळे, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

जमिनीवर एकही नव्हता. सगळे माझ्या छातीच्या उंचीवर बसले होते, हवेवर. मधूनच एखादा खालीवर व्हायचा, जनावराने पाठ थरथरवल्यासारखा.

मला भीती वाटायला हवी होती. पण माझे हात आपोआप जुळले. इतकं मोठं काहीतरी इतक्या गुमान उभं राहतं, कुणाला धक्का न लावता वाट पाहतं, आणि मी त्याला आडवी भिंत घातली, हे मनात आलं आणि डोळे भरून आले.

भिंत पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर माझीच सही होती. ती पाडली तर नोकरीवर येणार हे कळत होतं.

"देविदास, पश्चिमेची भिंत फोड," मी म्हणाले. "बाहेरून."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आवाराकडे. मग घण उचलला.

विटा पडल्या. धूळ बसली. खोलगट वाट पुन्हा मोकळी झाली.

पहिला बगळा हलला.

त्याने पंख उघडले नाहीत. बसल्या बसल्या तो पुढे निघाला, चालीच्या वेगाने, किंचित डुलत. त्याच्या मागे दुसरा.

नाइकांनी फेटा काढून हातात घेतला. बायांनी पदर डोक्यावरून पुढे ओढले.

ऊन डोक्यावर येईपर्यंत ते जात होते.

शेवटचा माळाच्या उतारावर दिसेनासा झाला, तेव्हा शिला उठली, हातमोजे चढवले आणि सरळ शेडकडे चालत गेली.

भिंत फोडली तिथे आम्ही दरवाजा बसवला आणि तपासणी पार पडली. पश्चिमेला दरवाजा कशाला, असं साहेबांनी विचारलं. आपत्कालीन मार्ग, मी म्हणाले, आणि त्यांनी मान हलवली. विहिरीजवळचा खड्डा बुजवला, विहीर उपसली. दिपा आता शाळेत जाते.

एक बगळा मात्र राहिला. खताच्या हौदापाशी, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. पश्चिमेचा दरवाजा आम्ही उघडाच ठेवतो, तरी तो जात नाही. बिचारा चुकून मागे राहिला, असं मी म्हणाले. शिला भाजीचा ओला पाला निवडत होती.

"चुकून न्हाई," ती मान वर न करता म्हणाली. "ते थांबले व्हते तवा वासरू इथंच जल्मलं. त्याला वाट कशी ठाव असंल?" आणि हातातला पाला तिने बगळ्याच्या बाजूला टाकला.

हे हळद शिजवायच्या दिवसांतलं, उन्हाळ्याच्या तोंडचं. आता दिवाळी आली. मी आवारात फिरायला लागले की तो पंख न हलवता माझ्या मागून येतो. काल निघताना फाटक लावायला वळले, तर तो जवळच होता, माझ्या कमरेच्या उंचीवर.