कॅझीचं छत्तिसावं पाऊल

हे घडलंय. माझ्यासमोर घडलंय.

मी डेल्फिना टोस्टे. कॅलिफोर्नियात, तुलारेच्या बेसबॉल मैदानावर बावीस वर्षं तिकीट खिडकीत बसले. फुकट आत घुसणाऱ्यांच्या थापा ऐकून माझे कान किटलेत. त्यामुळे थाप मला लगेच ओळखू येते, आणि मी स्वतः कधी मारत नाही.

एकदाच मारली. तीच सांगतेय.

तारीख एक सप्टेंबर २०१९. रविवार. आणि रात्र नव्हती बरं का. भर उन्हाची वेळ, चार वाजून गेलेले. मैदानामागच्या मळ्यात द्राक्षं वाळत घातली होती, त्यांचा गोड वास सुटला होता.

आमच्या संघाचा, लॅम्पलायटर्सचा, गावातला तो शेवटचा सामना. पुढच्या वर्षीपासून संघ आयडाहोला जाणार होता. मालक आमच्या गावात उभ्या जन्मात दोनदा आला असेल. उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याने तिकडे बसून ठरवलं, आणि इकडे चव्वेचाळीस वर्षांचं सगळं खोक्यांत भरायला घेतलं.

तसा हा संघ पहिल्यापासूनच विंचवाचं बिऱ्हाड. सुरुवात झाली पेनसिल्व्हेनियातल्या ॲशबी या कोळशाच्या गावात. तिथून १९५४ साली ओहायोला. तिथून १९७५ साली आमच्याकडे.

प्रत्येक वेळी नाव तेच, टोपीवरचा कंदील तोच. आणि बरोबर यायची ती पाटी.

बेसबॉलमध्ये पळणारा गडी तीन बेस, म्हणजे तीन टप्पे, पार करून शेवटी एका पांढऱ्या रबरी पाटीवर पाय ठेवतो, तेव्हा कुठे एक धाव मिळते. ॲशबीची ती पहिली पाटी संघ कधीच मागे ठेवत नसे. नव्या गावात गेलं की नव्या पाटीखाली, वीतभर खोल, ती जुनी पाटी पुरायची. हा रिवाज. मैदानाची माती सांभाळणाऱ्या माणसाने ती स्वतः उकरायची आणि स्वतःच पुरायची.

आमच्या मैदानाची माती माझे वडील सांभाळायचे. अरमांडो टोस्टे. अडतीस वर्षं.

आणि त्या दिवशी पापा हॉस्पिटलात होते.

हृदयाचं ऑपरेशन तातडीने करायला हवं होतं. डॉक्टर तीन दिवस विनवत होते. पापा कागदावर सही करत नव्हते.

"रविवार जाऊ दे," एवढंच म्हणायचे.

"काय आहे हो रविवारी?" मी चिडून विचारलं. "पोप येणारे?"

"कॅझी येणारे."

मी कपाळावर हात मारला.

कॅझीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होते. ओहायोहून संघाबरोबर वर्न हॉलोवे नावाचा म्हातारा आला होता. पापांच्या आधी माती तोच बघायचा, त्याच्याही आधी, ॲशबीपासून, त्याचा बाप. पापांना काम वर्नने शिकवलं आणि कामाबरोबर ही गोष्टही दिली.

ॲशबीतला शेवटचा सामना. १९५३. शेवटचा डाव, धावा बरोबरीत. कॅझी वोझ्निक नावाचा खाणकामगाराचा पोरगा तिसऱ्या बेसवर उभा. पाटी अगदी समोर, नव्वद फुटांवर. तेवढं पळाला की गाव जिंकलं.

तेवढ्यात संघ गाव सोडून जाणार ही बातमी प्रेक्षकांत पसरली. लोक कुंपण मोडून आत घुसले. गवत उपटलं, बाकं जाळली. पंचाने सामना तिथेच रद्द केला.

कॅझी हलेना. बेसवर पाय रोवून उभा.

"घरी जा रे बाबा, संपलं!" वर्नचा बाप ओरडला.

"संपलं कसं? मी बाद कुठे झालोय?" कॅझी म्हणाला.

तो उभा असतानाच, त्याच्या डोळ्यांदेखत, वर्नच्या बापाने पाटी उकरली आणि गाडीत टाकली.

त्याच हिवाळ्यात खाणीचं छत कोसळलं. कॅझी त्याखाली गेला.

इथपर्यंत ठीक. वर्न पुढे जे सांगायचा ते ऐकून मी हसायचे.

ओहायोत चार वर्षं काही झालं नाही. पाचव्या वर्षी, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, सामना संपल्यावर वर्नच्या बापाने लोखंडी जाळी ओढून माती सपाट केली. पाणी प्यायला पाठ वळवली. पुन्हा बघतो तर...

तिसऱ्या बेसपासून एक पाऊल. खिळ्यांच्या बुटाचं. पाटीच्या दिशेने.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी दोन. मग तीन.

वर्षाला एक पाऊल.

ओहायोत सतरा झाली, आणि संघ आमच्याकडे आला. पाटीही आली. नऊ वर्षं माती स्वच्छ होती. मग १९८४ साली, पुन्हा तिसऱ्या बेसपासून... एक.

"चालत आला बिचारा," वर्न म्हणायचा. "ओहायोपासून. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेली नाही."

मला वाटायचं हे दोघे म्हातारे जुना बूट घेऊन स्वतःच ठसे उमटवतात. नव्या खेळाडूंना घाबरवायला. वर्न वारला, तरी ठसे यायचे थांबले नाहीत. तेव्हा मी म्हटलं, आता पापा एकटे करत असतील.

मी ते कधी थांबून बघितलंसुद्धा नाही. तिकिटं मोजून सरळ घरी जायचे.

२०१८ पर्यंत पस्तीस पावलं झाली होती. पापा म्हणत होते, आता एकच उरलंय.

आणि मालकाचा हुकूम होता की सामना संपताच पाटी काढून द्यायची. प्रुएट नावाचा त्याचा माणूस ट्रक घेऊन फाटकापाशी थांबला होता.

सकाळी पापांनी माझा हात धरला. हात गार होता.

"डेल्फिना, पाटी आज काढू देऊ नकोस. उद्या काढा, परवा काढा. आज माती सपाट कर, पाठ फिरव, आणि मग बघ. तो पोचला की मला फोन कर. मग मी सही करतो."

"आणि नाही पोचला तर?"

"मग मी हे वायर-बियर काढून स्वतः येतो."

ते आले असते. मी त्यांना ओळखते. आणि वाटेतच गेले असते.

मी खूप विचार केला, असं सांगायला आवडलं असतं. केला नाही. मला एवढंच दिसत होतं की एका वेडगळ गोष्टीपायी माझे वडील मरतील. पाटी निघाली की हे खूळ निघेल. संध्याकाळी फोन करून सांगायचं, पोचला म्हणून. एक थाप, आणि सही.

सामना हरलो. लोक रडले, खुर्च्यांचे नंबर उपटून घरी घेऊन गेले. साडेचारला मैदान रिकामं झालं.

मी फावडं घेतलं.

"मदत करू का?" प्रुएटने विचारलं.

"नको. हे आमच्याच हाताने करायचं असतं." रिवाज मोडायची वेळ आली तेव्हा मला रिवाज आठवला, बघा.

वरची पाटी काढली. खाली वीतभर खणलं. जुनी पाटी लागली. पिवळी पडलेली, कडेला चिरलेली. प्रुएटने ती खोक्यात ठेवली, वर माझं नाव आणि फोन नंबर लिहिला आणि निघून गेला.

खड्डा मी तसाच ठेवला. बाकी माती मात्र सपाट केली. का केली? पापांनी सांगितलं होतं म्हणून. निदान तेवढं तरी खरं बोलता यावं म्हणून.

जाळी ओढून झाली. माती लख्ख झाली. मी नळाकडे वळले.

तेव्हा लक्षात आलं...

मळ्यातले कावळे गप्प झाले होते. पलीकडच्या रस्त्यावर दुधाचे टँकर सतत धावतात, तोही आवाज नव्हता. नळ मी सोडला होता. पाणी पडत होतं. आवाज येत नव्हता.

मग आला.

चक्.

कडक मातीत खिळा रुततो तसा.

चक्... चक्...

मान वळेना. मी मोजायला लागले. का, ते माहीत नाही. तिकिटं मोजायची सवय असेल.

बारा... तेरा...

चाल सावकाश नव्हती. वाढत होती. तिसाव्या पावलानंतर तो पळत होता.

चौतीस. पस्तीस.

छत्तीस.

आणि शांतता.

मी वळले.

मैदानावर कोणी नव्हतं. ऊन होतं. तिसऱ्या बेसपासून सरळ रेषेत पावलं आली होती. शेवटचं पाऊल खड्ड्याच्या काठावर होतं. टाच जमिनीवर आणि पुढचा चवडा... खाली, पोकळीत.

मी डोळे मिटले. उघडले.

खड्ड्याभोवती पावलांची एक फेरी होती.

पुन्हा मिटले. दोन फेऱ्या. तीन.

तो शोधत होता.

मग मी जे बघितलं ते मला आजही जेवताना आठवतं आणि घास खाली ठेवावा लागतो. खड्ड्याच्या काठाशी दोन गुडघ्यांचे ठसे होते. आणि खड्ड्याच्या तळाला, मी फावड्याने गुळगुळीत केलेल्या मातीत, दहा बोटांचे ओरखडे.

मी फाटकाकडे धावले. प्रुएटचा ट्रक गेला होता. फोन लावला, तो उचलेना.

"कॅझी," मी वळून ओरडले, "माफ कर रे! मला माहीत नव्हतं!"

हीसुद्धा थापच होती. मला माहीत होतं. मी मानत नव्हते, एवढंच.

सहा वाजता हॉस्पिटलातून पापांचा फोन आला.

"पोचला?"

त्यांचा आवाज एवढासा झाला होता. मी खड्ड्याकडे पाठ करून उभी होते.

"पोचला, पापा."

"पाटीवर पाय ठेवला? तू बघितलंस?"

"हो. पूर्ण पाऊल."

पलीकडे ते रडायला लागले. आयुष्यात मी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं. "सहासष्ट वर्षं गं," ते म्हणाले. "सहासष्ट वर्षांनी धाव मिळाली पोराला. आण तो कागद."

त्यांनी सही केली. ऑपरेशनच्या टेबलावर ते हसत गेले. नर्सने सांगितलं मला.

परत आले नाहीत.

त्यांच्या इच्छेप्रमाणे मी त्यांना त्यांच्या कामाच्या बुटांतच पुरलं. हिरवे रबरी गमबूट. गुडघा अधू असल्यामुळे ते डावा पाय ओढायचे, म्हणून डावी टाच एका बाजूने पार झिजलेली. धर्मगुरूने जरा नाक मुरडलं. मी म्हटलं, फादर, याच बुटांनी त्यांनी तुमच्या चर्चचं गवत फुकट कापलंय.

एकच समाधान होतं. ते खुशीत गेले. थाप कामी आली.

असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत होते.

मागच्या महिन्यात फोन वाजला. नंबर आयडाहोचा.

"तुम्ही डेल्फिना टोस्टे का? मी लामार येट्स. लॅम्पलायटर्सच्या मैदानाची माती मी बघतो. पाटीच्या जुन्या खोक्यावर तुमचा नंबर होता. जरा विचित्र वाटेल..."

"पावलं," मी म्हणाले.

तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, पोरं चेष्टा करतायत."

"तिसऱ्या बेसपासून ना? किती?"

"मागच्या वर्षी एक होतं. या वर्षी दोन."

मी खुर्चीत बसले. म्हणजे तो पोचला तिथे. चालत. पुन्हा पहिल्यापासून.

"खिळ्यांचे बूट," मी म्हटलं.

"एकाचे, हो."

"एकाचे म्हणजे?"

"दोघं आहेत ना, बाई. खिळेवाला रेषेवर, आणि त्याच्या बाजूला, रेषेबाहेर, दुसरा. त्याला खिळे नाहीत. रबरी बूट वाटतायत. पाय ओढत चालतो. डावी टाच झिजलेली आहे, ठसा तिथे अर्धाच उठतो."

पापांचे गमबूट.

म्हणजे त्यांना कळलं. जिथे गेले तिथे कॅझी त्यांना भेटला असणार, आणि धाव मिळाली का असं पापांनी पहिलंच विचारलं असणार.

मी लामारला सगळं सांगितलं. काहीही न लपवता. आणि हात जोडून म्हटलं, "चौतीस वर्षं राहिलीत. पाटीला कोणाला हात लावू देऊ नका."

"अहो बाई," तो म्हणाला, "तुम्ही बातम्या बघत नाही का? संघ विकला गेलाय. येत्या सप्टेंबरला आम्हीही इथून हलतोय."

"मग पाटी कोण उकरणार?"

"मीच. रिवाजच आहे ना तसा."

"उकरू नका. माझे वडील आहेत हो तिथे."

तो हसला. वाईट माणूस नव्हता. मी वर्नच्या गोष्टीला जशी हसायचे, अगदी तसाच हसला.