सवतीचा घास

भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी वर्ध्याची मे महिन्यातली दुपार पाहिलेली नाही. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. कुणाला यायचंच असेल तर तेव्हा खुशाल यावं, हटकणारं कोण आहे? यामिनीच्या बाबतीत तसंच झालं.

यामिनी वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेची, वडील शाळेत क्लार्क. नागपूरला संग्रहालयशास्त्रात एम.ए. करत होती, आणि "हे शिकून नक्की करणार काय?" या प्रश्नाला उत्तरं देऊन पोरगी जेरीस आली होती. शेवटचा प्रकल्प उरला होता. पवनारच्या रस्त्यावर एका जुन्या संस्थेचं छोटंसं संग्रहालय आहे, तिथल्या साठ वस्तूंची नोंद करायची. वस्तू मोजायची, फोटो काढायचा, क्रमांक द्यायचा, ती कशी जपावी ते लिहायचं. महिनाअखेर वही पूर्ण झाली नाही तर वर्ष वाया. संग्रहालय म्हणजे तीन खोल्या, एक कूलर आणि किल्ल्या सांभाळणारे सदाशिवराव. हे निवृत्त चित्रकला शिक्षक दुपारी व्हरांड्यात तोंडावर पेपर घेऊन झोपत.

शेहेचाळीस वस्तू झाल्या आणि सत्तेचाळिसावी सोमवारी आपल्या पायांनी आली. म्हणजे लीलाबाई घेऊन आल्या. पवनारच्या शेतकरी घरातली ब्याऐंशी वर्षांची म्हातारी. त्यांनी गळ्यातला काळा दोरा काढून टेबलावर ठेवला. दोऱ्यात अंगठ्याएवढा चांदीचा टाक होता, त्यावर बाईची आकृती ठोकलेली, नाकडोळे झिजून सपाट झालेले.

सवतीचा टाक यामिनीनं पुस्तकात वाचला होता, पाहिला मात्र पहिल्यांदाच. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायचा. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, पहिला घास तिला दाखवायचा, मग आपण खायचं. लीलाबाई पासष्ट वर्षं हे करत होत्या. नवरा गेला तेव्हा मंगळसूत्राची पोत काढली, या सवतीला मात्र काढलं नाही. मूलबाळ नव्हतं, पुतण्याच्या घरी राहत होत्या. आपल्यामागं हा टाक सोनाराकडे जाऊन वितळला जाईल, या एकाच काळजीनं त्यांना घेरलं होतं.

"तुमच्या इथं जपून ठेवतेत म्हणे," त्या म्हणाल्या. "घास तेवढा दाखवत जाजो तिले. धुरपता नाव हाय तिचं."

यामिनी हो म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला हो म्हणायला काय जातं? पण खोलीत अन्न न्यायचं नाही, मुंग्या-झुरळं लागतात, हा तिच्या विद्येचा पहिलाच धडा होता. दुसरा धडा असा की घामट दोऱ्यानं चांदी काळी पडते, म्हणून दोरा आणि धातू वेगळे ठेवायचे. तिनं कात्रीनं दोरा कापला. टाक एका पिशवीत, दोरा दुसऱ्या पिशवीत, दोन्ही कपाटात बंद. इतकं नेटकं काम केल्याचं तिला कौतुकही वाटलं.

मंगळवारी जेवायला डबा उघडला तर वरच्या पोळीचा एक घास तोडलेला. आईनं चाखली असेल, असं म्हणून तिनं खाऊन टाकलं. बुधवारी पुन्हा तेच, पोळीसोबत थोडी वांग्याची भाजीही उचललेली. डबा स्कुटीच्या डिकीत कुलपात होता. सदाशिवरावांवर संशय घ्यावा तर दात नसल्यानं ते बिचारे वरणात भिजवल्याशिवाय काही खात नसत.

गुरुवारी तिनं बंद डबा मांडीवर ठेवूनच काम केलं. साडेबाराला लाईट गेली. कूलर थांबला आणि खोलीत एवढी शांतता पसरली की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. मग खोबरेल तेलाचा वास आला... घामाचा, कुंकवाचा... अगदी खेटून एखादी बाई उभी राहावी तसा. मागे कपाटात प्लास्टिक सळसळलं. आणि कानाशी, अगदी हळू, कुणीतरी आवंढा गिळला...

यामिनी हलली नाही. हलायची हिंमतच नव्हती. लाईट आली तेव्हा तिनं डबा उघडला. घास तोडलेला होता. कपाट उघडलं. पिशवी जशीच्या तशी बंद होती, पण आतल्या टाकावर, त्या सपाट तोंडाभोवती, तेल आणि हळद लागलेली होती. सोमवारच्या फोटोत तिथं काहीच नव्हतं.

टाक आणि दोरा पर्समध्ये घालून ती तशाच उन्हात पवनारला गेली. लीलाबाई खाटेवर पडल्या होत्या. पुतण्याचा मुलगा रोशन म्हणाला, आजीनं सोमवारपासून अन्न गिळलं नाही, तोंडात घेते न् परत काढते. डॉक्टरांना काही सापडत नाही. चार दिवसांत म्हातारी निम्मी झाली होती. ते पाहून यामिनीला रडूच फुटलं. घास दाखवला नाही, दोराही कापला, सगळं तिनं सांगून टाकलं.

लीलाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरला.

"बाळंतीण होती ती," त्या कुजबुजल्या. "पोरगी झाली म्हून सासूनं कोंडलं तिले. पाच दिवस कोणी भाकर नाई देली... मायलेकी दोघीबी गेल्या. मी नवी आली, तं मले लय भेव लागे तिचं. रातच्याले उशाशी बसे. मंग एक दिवस समजलं. ती रागावली नाई, पोरी. तिले भूक लागून राह्यली."

यामिनीनं तिथंच दोऱ्याला गाठ मारली, टाक ओवला, लीलाबाईंच्या ताटलीतला भाकरीचा तुकडा त्या झिजलेल्या तोंडासमोर धरला. तो दाखवून झाल्यावर लीलाबाईंनी तोंड उघडलं आणि घास सरळ खाली उतरला. टाक गळ्यात बांधू का, असं विचारलं तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. आपण आज आहो न् उद्या नाई, तिले तुह्यापाशीच राहू दे, असं म्हणाल्या.

संध्याकाळी यामिनीनं वहीत सत्तेचाळीस क्रमांकापुढं, काळजीच्या रकान्यात, स्पष्ट लिहिलं: "रोज दुपारी एक घास दाखवावा." परीक्षक हसले तर हसोत. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी ते पान वाचलं, चष्मा पुसला आणि पुढं गेले. यामिनी पास झाली आणि संस्थेनं तिला तिथंच ठेवून घेतलं. रोज दुपारी ती घास दाखवी, रविवारी सदाशिवराव दाखवत. डब्याला पुन्हा कुणी हात लावला नाही. लीलाबाई तिकडं पोटभर जेवत होत्या.

जुलैतल्या एका दुपारी तिनं नेहमीसारखा घास दाखवला आणि व्हरांड्यात येऊन जेवायला डबा पुन्हा उघडला. खालची पोळी तोडलेली होती.

घास तर आत्ताच दाखवला होता... तेवढ्यात फोन वाजला. रोशन होता. आजी गेली, म्हणाला. भूक लागली म्हणून ताट मागितलं, ताट येईपर्यंत डोळे मिटले होते.

यामिनी पोटभर रडली. मग उठली, कपाटाशी गेली आणि लीलाबाईंच्या नावानं दुसरा घास तोडून टाकासमोर धरला. हे वहीत दुरुस्त करायला हवं होतं. तिनं पेन घेतलं, ते पान काढलं. तिथं आधीच लिहिलेलं होतं:

"रोज दुपारी दोन घास दाखवावे." तिचंच अक्षर, तीच मे महिन्यातली तारीख, कुठं खाडाखोड नाही.

"सर," तिनं हाक मारली. "रविवारी तुम्ही किती घास दाखवता?"

सदाशिवरावांनी तोंडावरचा पेपर बाजूला केला. "दोन," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दोनच. तूच तं लिहून ठेवलं ना, बेटा."